आयपीव्ही६ वरून साइट अधूनमधून बंद: रीबूट केलं की चालते, अर्ध्या तासाने पुन्हा तेच

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

ऑफिसच्या वायफायवर साइट फटकन उघडते. तुमच्या फोनवरही उघडते. पण काही गिऱ्हाइकं सांगतात की मोबाइल डेटावर ती दोनतीन सेकंद कोरी राहते आणि मग येते. काहींकडे चक्र नुसतं फिरत राहतं. एखाद्या जुन्या ॲपमधून लिंक दाबली तर उघडतच नाही. तुम्ही सर्व्हर रीबूट करता, सगळ्यांचं सुरळीत होतं, तुम्ही चहा प्यायला जाता. परत येऊन बसताय तोच फोन.

माझ्याकडे ही केस दिवाळीच्या तोंडावर आली. एक काकू फराळ करून विकतात, परदेशीही पाठवतात. त्यांची साइट एका छोट्या भाड्याच्या सर्व्हरवर आहे आणि तो सर्व्हर मी बघतो. म्हणजे पुढे जो काही दोष निघाला तो माझाच, हे आधीच कबूल करतो.

"अरे, तुझी ती साइट पुन्हा रुसली बघ," काकूंचा फोन. मागे तळणीचा आवाज. "माझ्या फोनवर दिसतेय. पण न्यू जर्सीहून भाची म्हणते, गोल गोल फिरतंय."

"सकाळी तर नीट झाली होती ना, काकू?"

"झाली होती की. तू नीट केलीस तेव्हा मी चकल्या पाडायला बसले. किलोभर भाजणी उरकली नि हिचा मेसेज."

किलोभर भाजणीच्या चकल्यांना काकूंना साधारण अर्धा तास लागतो. त्या वाक्यात अख्खं उत्तर होतं. मला ते कळायला पुढे चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी पीएचपीची मेमरी वाढवली, कॅश साफ केली, फोटो लहान केले आणि होस्टिंगवाल्यांकडे दोन तिकिटं टाकली. "आमच्याकडून सर्व व्यवस्थित आहे," असं त्यांचं दोन्ही वेळा उत्तर आलं. मी चिडलो. ते बरोबर होते.

तुमच्या मशीनवर दोष दिसत का नाही

इंटरनेटचे जुने पत्ते (आयपीव्ही४) ३२ बिटांचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते मध्यवर्ती साठ्यातून ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपले. नवे पत्ते (आयपीव्ही६) १२८ बिटांचे. हे आपल्याकडे अजून "पुढे कधीतरी येणार" अशा सुरात बोललं जातं, पण ते केव्हाच आलेलं आहे. जिओ २०१६ साली आलं तेच आयपीव्ही६ घेऊन, आणि आज भारतातले निम्म्याहून अधिक लोक गूगलपर्यंत आयपीव्ही६ ने पोचतात. अमेरिकेतल्या टी-मोबाइलसारख्या कंपन्या तर फोनला कित्येक वर्षं फक्त आयपीव्ही६ चाच पत्ता देत आल्या आहेत. फक्त जुना पत्ता असलेल्या साइटसाठी मध्ये एका पद्धतीचं दुसऱ्या पद्धतीत भाषांतर करणारा दुभाषी बसवतात. काकूंचं गिऱ्हाईक हेच: पुण्यातली सून मोबाइल डेटावर आणि तिची अमेरिकेतली नणंद.

डोमेनच्या नोंदीत साइटचे दोन पत्ते असू शकतात. 'ए' नोंद जुन्या पद्धतीची, 'एएएए' नोंद नव्या पद्धतीची. ब्राउझर दोन्ही विचारतो आणि आधी नव्या पत्त्यावर जातो. तिकडून पाव सेकंदात जोडणी झाली नाही तर जुन्या पत्त्यावरही प्रयत्न सुरू करतो, आणि जो आधी उत्तर देईल तो धरतो. या युक्तीचं नाव 'हॅपी आयबॉल्स', आणि ते २५० मिलिसेकंद २०१७ च्या आरएफसी ८३०५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानकं आणि सल्ले लिहिलेले दस्तऐवज) सुचवलेले आहेत. वाचणाऱ्याचे डोळे सुखात राहावेत म्हणून हे नाव. साइट सांभाळणाऱ्याचे डोळे मात्र यामुळे बंदच राहतात. आयपीव्ही६ ची बाजू पार मेलेली असली तरी तुमच्या लॅपटॉपवर साइट पाव सेकंद उशिरा उघडते, आणि पाव सेकंद कुणाच्या लक्षात येत नाही.

ज्याच्या फोनला जुना पत्ताच नाही त्याचं काय? त्याच्या नेटवर्कवरचा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर), साइटला एएएए नोंद नसेल तर, एक बनावट नवा पत्ता तयार करून देतो. बहुधा ६४:एफएफ९बी:: ने सुरू होणारा. तो पत्ता दुभाष्याकडे जातो आणि काम होतं. पण साइटला खरी एएएए नोंद असेल तर हा डीएनएस म्हणतो, यांच्याकडे नवा पत्ता आहे की, मी कशाला मध्ये पडू. म्हणजे बंद पडलेली एएएए नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट. नोंदच नसती तर भाचीला साइट दिसली असती. नवे फोन यातूनही वाट काढतात. त्याच आरएफसीत अशा वेळी २ सेकंद थांबून मग फोननेच जुन्या पत्त्यावरून नवा बनवून बघावा अशी तरतूद आहे. "दोनतीन सेकंद कोरी राहते" ही तक्रार ऐकलीत की हे २ सेकंद आठवा. ज्या ॲपमध्ये एवढी अक्कल घातलेली नाही ते बसतं फिरत.

म्हणून पहिला नियम: ब्राउझरवर विश्वास ठेवू नका. फक्त आयपीव्ही६ वरून बघा.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं. ज्या इंटरनेटला आयपीव्ही६ आहे अशा ठिकाणाहून, मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो, 'कर्ल -६ -व्ही' आणि पुढे साइटचा पत्ता (कर्ल म्हणजे ब्राउझरशिवाय पान मागवणारी कमांड). मग तेच '-४' लावून. दोन्हींत फरक दिसला की अर्धं काम झालं. आणि हे सर्व्हरवरून किंवा त्याच्या शेजारच्या मशीनवरून करू नका, का ते पुढे येईल.

माझ्याकडे '-४' ला पान लगेच आलं. '-६' ला "ट्राइंग" एवढी ओळ आली आणि कर्सर लुकलुकत राहिला. शेवटी टाइमआउट.

अर्ध्या तासाचं कोडं

सर्व्हरवर गेलो. 'आयपी -६ ॲड्र' ने पत्ता दाखवला, जागच्या जागी. 'एसएस -टीएलएनपी' मध्ये वेब सर्व्हर ८० आणि ४४३ या पोर्टवर, म्हणजे साध्या आणि सुरक्षित जोडणीच्या दारांवर, दोन्ही पद्धतींनी ऐकत होता. फायरवॉलमध्ये दोन्ही पोर्ट उघडे. त्याच केंद्रातल्या माझ्या दुसऱ्या सर्व्हरवरून कर्ल मारला तर पान छान आलं! इथे मी एक दिवस घालवला. शेजारचं मशीन एकाच गल्लीत असतं, त्याला उत्तर द्यायला गल्लीबाहेर जावं लागत नाही. त्याच्याकडून केलेली चाचणी म्हणजे शेजारणीने वाटी नेऊन दिली म्हणून पोस्ट चालू आहे असं समजणं.

शेवटी 'आयपी -६ रूट', म्हणजे रस्त्यांची यादी, बघितली. त्यात डिफॉल्टची, म्हणजे गल्लीबाहेर जायच्या रस्त्याची, ओळच नव्हती. पाकिटं आत येत होती, बाहेर जायला रस्ता नव्हता.

रीबूट केलं आणि लगेच तीच कमांड दिली. आता ओळ होती: डिफॉल्ट, एफई८० ने सुरू होणारा राउटरचा पत्ता, मग "प्रोटो आरए", आणि शेवटी "एक्स्पायर्स १७४६ सेकंद". पुन्हा दिली: १७३९. पुन्हा: १७३१. मी खुर्चीत मागे टेकलो. आकडा उलटा मोजत खाली चालला होता आणि तो शून्यावर आला की काकूंचा फोन येणार होता.

आयपीव्ही६ मध्ये गेटवे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता, बहुतेक वेळा हाताने लिहीत नाहीत. राउटर ठरावीक वेळाने सगळ्यांना दवंडी देतो: मी इथे आहे, बाहेर जायचं तर माझ्याकडून जा, आणि ही माहिती अमुक सेकंद धरून चाला. या दवंडीला राउटर ॲडव्हर्टाइजमेंट म्हणतात, बोलताना आरए. मानकातल्या डिफॉल्ट आकड्यांप्रमाणे राउटर किमान दर ६०० सेकंदांत एकदा दवंडी देतो आणि तिची मुदत त्याच्या तिप्पट, १८०० सेकंद. म्हणजे अर्धा तास, म्हणजे किलोभर भाजणी. दवंडी पुन्हा ऐकू आली की मुदत परत १८०० वर जाते. ऐकूच आली नाही तर मुदत संपते आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) तो रस्ता पुसून टाकतो. लॉगमध्ये एक ओळसुद्धा लिहीत नाही.

पत्ता मी हाताने दिलेला असल्यामुळे तो जागेवर राहिला, त्यामुळे 'आयपी -६ ॲड्र' बघून काही कळलं नाही. गेटवे मात्र दवंडीवर सोडलेला होता.

मग दवंडी ऐकू का येत नव्हती? 'आयपी६टेबल्स -एल -एन -व्ही' मध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांच्या यादीत, शेवटच्या ड्रॉप (पाकीट टाकून द्या) नियमाचा आकडा दर काही मिनिटांनी वाढत होता. जुन्या आयपीटेबल्समध्ये दोन्ही पद्धतींचे नियम वेगवेगळे असतात हे मला माहीत होतं, म्हणून आयपीव्ही६ साठी वेगळी स्क्रिप्ट लिहिली होती, त्याचा अभिमानही होता. त्यात आयसीएमपीव्ही६ चे, म्हणजे जाळ्याच्या स्वतःच्या कामकाजाच्या निरोपांचे, मी चारच प्रकार आत सोडले होते: पिंगचे १२८ आणि १२९, शेजाऱ्याची चौकशी आणि तिचं उत्तर म्हणजे १३५ आणि १३६. दवंडीचा क्रमांक १३४. तो राहिला होता.

"आधीच्या जोडणीशी संबंधित पाकिटं येऊ द्या" हा नियम होता की, असं तुम्ही म्हणाल. दवंडी कुठल्याच जोडणीशी संबंधित नसते. कुणी न विचारता दिलेली असते, म्हणूनच तर दवंडी. तो नियम तिला ओळखत नाही.

आणि रीबूट केल्यावर का चालायचं? माझी स्क्रिप्ट आरसी-लोकलमधून, बूटच्या अगदी शेवटी धावायची. नेटवर्क त्याच्या काही सेकंद आधी उठायचं, स्वतःहून दवंडी मागायचं, आणि फायरवॉलचं दार लागायच्या आत पहिली दवंडी आत यायची. फक्त पहिली. स्क्रिप्ट बूटच्या सुरुवातीला धावली असती तर साइट आयपीव्ही६ वर कधीच चालली नसती आणि मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी रीबूट करून करून तो दोष स्वतःच झाकत होतो.

दुरुस्ती

ड्रॉपच्या आधी एक नियम: आयसीएमपीव्ही६ प्रकार १३४, उगम एफई८०::/१० (गल्लीपुरते पत्ते), हॉप लिमिट २५५, येऊ द्या. २५५ ची अट का? बाहेरून आलेल्या पाकिटाचा हा आकडा प्रत्येक राउटरवर एकाने कमी होतो. पूर्ण २५५ असेल तर पाकीट याच गल्लीतलं, बाहेरच्या कुणी खोटी दवंडी पिटलेली नाही. कुठले प्रकार सोडावेत, कुठले अडवावेत याचा सविस्तर सल्ला २००७ च्या आरएफसी ४८९० मध्ये आहे. मी तो नंतर वाचला.

नियम टाकल्यावर लगेच काही होत नाही, पुढच्या दवंडीची वाट बघावी लागते. घाई असेल तर नेटवर्क इंटरफेस खालीवर करता येतो, पण एसएसएच वरून करत असाल तर दोन्ही कमांड एकाच ओळीत द्या, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. मी वाट बघितली. 'वॉच' लावून तो आकडा समोर ठेवला: ११४२, ११४१, ११४० आणि एकदम १७९९. असा आकडा मध्येच उडी मारून वर गेलेला दिसला की दुखणं गेलं. नुसता "साइट उघडली" हा पुरावा धरू नका, ती रीबूटनंतरही उघडत होती.

होस्टिंगवाले गेटवेचा पत्ता लेखी देत असतील, बरेचदा तो एफई८०::१ असतो, तर तो सरळ हाताने लिहून टाकलात तरी चालेल. मग दवंडीवर अवलंबून राहायला नको.

हाच रस्ता गायब होण्याचं आणखी एक कारण आहे. लिनक्सवर कुणी फॉरवर्डिंग (दुसऱ्यांची पाकिटं पुढे पाठवणं) चालू केलं, कंटेनर किंवा व्हीपीएन बसवताना हे हमखास होतं, की कर्नल स्वतःला राउटर समजायला लागतो, आणि राउटर दुसऱ्याची दवंडी ऐकत नाहीत. तिथे 'ॲक्सेप्ट आरए' या सेटिंगची किंमत १ असून उपयोग नाही, २ करावी लागते. ओळखायची खूण अशी की तिथे अर्धा तास वगैरे मिळत नाही, फॉरवर्डिंग चालू होताक्षणी आयपीव्ही६ जातं.

रस्ता जागेवर असेल तर

मग तुमचा आजार वेगळा. मला नेहमी भेटणारे सांगतो.

सगळ्यांत जास्त वेळा भेटतो तो जुनाट पत्ता. साइट नव्या सर्व्हरवर हलवली, ए नोंद बदलली, एएएए नोंद तशीच राहिली. जुना सर्व्हर अजून चालू असला तर मजाच. आमच्या भागातल्या एका शिकवणीवर्गाच्या साइटवर निम्म्या पालकांना यंदाचं वेळापत्रक दिसायचं आणि निम्म्यांना गेल्या वर्षीचं. दोन आठवडे ते पालकांना "ब्राउझरची हिस्टरी डिलीट करा" सांगत होते. 'डिग' या कमांडने एएएए नोंद विचारा, आलेला पत्ता सर्व्हरवरच्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. नोंद बदलल्यावर टीटीएलएवढा (नोंदीवर लिहिलेल्या मुदतीएवढा) वेळ जुनी माहिती फिरत राहणारच, तेवढा धीर धरा.

दुसरा जास्त फसवा, कारण त्यात हॅपी आयबॉल्ससुद्धा मदतीला येत नाही. ती युक्ती जोडणी होण्यापुरतीच. जोडणी झाली आणि पलीकडून चुकीचं पान आलं, तर ब्राउझरच्या दृष्टीने सगळं ठीक. एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर अनेक साइट असतील तर डेबियनच्या मूळ डिफॉल्ट फाइलमध्ये 'लिसन [::]:८०' अशी ओळ असते. तुम्ही इंटरनेटवरचा नमुना बघून लिहिलेल्या साइटच्या फाइलमध्ये नुसतं 'लिसन ८०' असतं. जुन्या पत्त्याने येणाऱ्याला तुमची साइट दिसते, नव्या पत्त्याने येणाऱ्याला "वेलकम टू एनजिनएक्स". ४४३ वर तर त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्याच साइटचं प्रमाणपत्र पुढे येतं आणि ब्राउझर लाल पाटी लावतो. गिऱ्हाईक म्हणतं, तुमची साइट हॅक झालीय. प्रत्येक साइटच्या फाइलमध्ये दोन्ही 'लिसन' ओळी हव्यात, ८० ला आणि ४४३ लाही. अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरवर नुसतं 'लिसन ८०' बहुधा दोन्हीकडे ऐकतं, पण आभासी साइटच्या मथळ्यात कुणी जुना आयपी पत्ता लिहून ठेवला असेल तर तोच प्रकार.

याची पूर्वसूचना कधी कधी प्रमाणपत्रावरून मिळते. फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची तपासणी एएएए नोंद असेल तर आधी आयपीव्ही६ वरून येते. जोडणीच होऊ शकली नाही तर ती जुन्या पत्त्यावर जाऊन बघते, पण चुकीचं पान मिळालं तर नापास करते. ९० दिवसांचं प्रमाणपत्र वर्षभर आपोआप नवं होत होतं आणि एएएए नोंद टाकल्यानंतर पहिल्याच खेपेला अडलं, तर दुसरीकडे शोधत बसू नका.

तिसरा प्रकार: जोडणी होते, पिंग जातो, छोटी पानं येतात, पण मोठं पान किंवा सुरक्षित जोडणीची सुरुवातच अडकते. हे पाकिटाच्या मापाचं दुखणं. साध्या जाळ्यावर माप १५०० बाइटचं. घरच्या ब्रॉडबँडवर पीपीपीओई (जोडणीची एक पद्धत) असेल तर १४९२, बोगदा (एका पाकिटात दुसरं घालून पाठवणं) असेल तर १४८० किंवा आणखी कमी. आयपीव्ही४ मध्ये वाटेतला राउटर मोठ्या पाकिटाचे तुकडे करू शकतो. आयपीव्ही६ मध्ये ती सोय काढून टाकली आहे. राउटर "पाकीट फार मोठं" असा निरोप परत पाठवतो, आयसीएमपीव्ही६ चा प्रकार २. तो निरोप वाटेत एखाद्या फायरवॉलने गिळला की सर्व्हर तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. सुरुवातीचं लहान बोलणं होतं, प्रमाणपत्राचं मोठं पाकीट हरवतं. "आयसीएमपी बंद ठेवा, सुरक्षित असतं" हा जुना सल्ला इथे नडतो. प्रकार २ कधीही अडवू नका. निरोप दुसऱ्याच कुणाच्या फायरवॉलमध्ये मरत असेल तर तुमच्या हातात एवढंच की सर्व्हरनेच लहान पाकिटं पाठवावीत. १२८० बाइट प्रत्येक आयपीव्ही६ मार्गाने पेलायलाच हवेत असा नियम आहे, त्यातून डोकी (पत्ते वगैरे लिहिलेला पाकिटाचा वरचा भाग) वजा केली की टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पाकिटात मावणारा मजकूर, १२२० येतो. थोडं नुकसान होतं, पण चालतं.

होस्टिंगच्या पॅनेलवरची वेगळी फायरवॉलही बघून घ्या, तिथे पुष्कळदा आयपीव्ही६ चा नियम कुणी लिहिलेलाच नसतो. यूएफडब्ल्यू (फायरवॉलचे नियम सोपे करून देणारं साधन) वापरत असाल तर त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आयपीव्ही६ 'येस' आहे ना तेवढं पाहा. दवंडीचा नियम त्यात मुळातच असतो, आणि मी हाताने स्क्रिप्ट लिहायचा शहाणपणा केला नसता तर हा लेखही नसता.

आत्ता वेळच नाही, सणाचे दिवस आहेत, उद्या बघू अशी स्थिती असेल तर एएएए नोंद तात्पुरती काढून टाका. आयपीव्ही६ वाले बनावट पत्त्याने का होईना पोचतील. काहीजण याला पळपुटेपणा म्हणतात. मला अर्धवट चालणाऱ्या नोंदीपेक्षा हे बरं वाटतं. फक्त काढली ती परत लावायची आठवण कॅलेंडरमध्ये टाका.

आणि साइट चालू आहे का हे बघणारी जी काही सेवा लावली असेल, तिच्यात '-६' चा वेगळा पहारा लावा. माझी सेवा त्या चारही दिवसांत हिरवा दिवा दाखवत होती, कारण ती जुन्या पत्त्यानेच यायची.

साइट सुरळीत झाल्यावर दोन दिवसांनी काकूंचा पुन्हा फोन. मी घड्याळ बघितलं.

"उघडतेय रे, झकास उघडतेय. पण ऑर्डर जात नाहीये म्हणतात."

ऑर्डरच्या तक्त्यात गिऱ्हाइकाचा आयपी नोंदवायचा एक रकाना होता, १५ अक्षरांचा. जुना पत्ता जास्तीत जास्त तेवढाच भरतो. नवा पत्ता पूर्ण लिहिला तर ३९ अक्षरं. इतके दिवस आयपीव्ही६ कोलमडलं की लोक जुन्या पत्त्याने येत होते, त्यामुळे रकाना पुरत होता. आता सगळे नव्या पत्त्याने नीट आत आले आणि डेटाबेसने "रकान्यात मावत नाही" म्हणून ऑर्डरच नाकारली. रकाना ४५ चा केला, जुन्या पत्त्याला नव्याच्या वेष्टनात गुंडाळून लिहायची एक पद्धत आहे, तिला तेवढी जागा लागते. अशाच कारणाने कुणाला सारखं लॉगआउट होत असेल तर बघा, कोड लॉगिन आयपीशी बांधून ठेवतोय का. फोन दिवसातून अनेकदा पत्ते बदलतो.

नशिबाने नाकारलेली प्रत्येक नोंद आमचा कोड एरर लॉगमध्ये अख्खी लिहितो. तीन ऑर्डरी निघाल्या. काकूंनी फोन स्पीकरवर ठेवला आणि मी लॉगमधून वाचत गेलो: भाजणीच्या चकल्या दीड किलो, अनारसे पंचवीस नग, आणि तिसरी त्या न्यू जर्सीच्या भाचीची, कडबोळी एक किलो, "तिखट जरा बेताचं".

"तिला सांग, मिळाली ऑर्डर," काकू म्हणाल्या. "आणि कडबोळ्यांची भाजणी आत्ता संपलीय. दळून आली की टाकते."